ते तोंड मी रंगवलं

ही गोष्ट मी अजून कोणापाशी बोलली नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी नाही. तुमच्यापाशी बोलते, कारण तुम्ही आमच्या मुर्री गावचे नाही — सुषमाला तुम्ही ओळखत नाही.

सुषमा माझी धाकटी जाऊ. तेव्हा आम्ही एकाच घरात, स्वयंपाकही एकच. मी सकाळी गोंदियाला जायची, कपड्याच्या दुकानात — दिवसभर ‘भाभीजी, ये देखो’ करत साड्या उलगडायच्या. माझी परी पाच वर्षांची. ती दिवसभर काकूजवळ. जेवण काकूच्या हातचं, वेणी काकूच्या हातची. सोय होती हो, नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी मी दारात चपला काढायची आणि पोरगी मान वर करून बघायचीसुद्धा नाही, तेव्हा — जाऊ द्या. जळत होती मी. सरळच सांगते.

त्या दोघींचा एक खेळ होता. सुषमा जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर बांगडी ठेवून गोल काढायची आणि मोबाइलमधली इमोजीची तोंडं त्यात उतरवायची. हसरं, रडकं, डोळ्यांच्या जागी बदाम असलेलं. परी ती खडूनं रंगवायची. रोज घरातल्या प्रत्येकाला एकेक तोंड. आजीला झोपाळू. पप्पांना जीभ काढलेलं. काकूला बदामाचे डोळे — रोज, न चुकता. आणि मला? मला लाल. भुवया चढवलेलं, दातओठ खाणारं लालभडक तोंड. त्या डबीतला लाल खडू सगळ्यात आधी संपला.

मी बाजारातून चांगलं जाड रंगवायचं पुस्तक आणलं. छापील इमोजी, वर चमचम. परीनं दोन पानं उलटली अन् म्हणे, “यात काकूची बांगडी नाही.” सांगा, काय करावं माणसानं? पुस्तक मी कपाटावर फेकलं. राग पोरीचा नव्हता.

त्या रविवारी सुषमा नळावर कपडे धूत होती. परी ओसरीवर एक तोंड रंगवून उठून गेली. खाली गिचमिड अक्षरात ‘मी’ लिहिलेलं. पिवळा गोल, मिटलेले डोळे, दोन्ही बाजूंना निळे टपोरे थेंब, आणि मोठ्ठं उघडं तोंड, त्यात पांढऱ्या दातांची पट्टी. ओळखलंत ना? हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं, ते. सुषमा तिला गुदगुल्या करून पार लोळवायची, तेव्हाचं.

मीही ओळखलं होतं. हेच तर सांगायचं आहे — मीही ओळखलं होतं.

सासूला मोबाइल कळत नाही. पण नवऱ्याला कळतो. त्यांनी ते पाहिलं असतं तर हसले असते. म्हणून मी काळा खडू उचलला. दात भरून टाकले. तोंडाचे हसरे कोपरे बुजवून खाली ओढले. किती वेळ लागला असेल? कुकरची एक शिट्टी. झालं — कागदावरची पोरगी भोकाड पसरून रडत होती.

मग ते घेऊन सासूकडे गेली. पाहा, पोरगी काय काढून राहिली — एवढंच म्हटलं. सासूनं चष्मा लावला, सगळ्यांना हाक मारली. हे आले, दीर आला, सुषमा ओल्या हातांनी दारात उभी राहिली. आणि प्रश्न मी विचारला.

“काकूजवळ तुह्या डोळ्यातून पानी येते का नाही? खरं सांग.”

“येते ना,” परी म्हणाली. “लय येते.”

पाच वर्षांचं लेकरू — खोटं कुठे बोललं? कायले येते, हा पुढचा प्रश्न विचारायचा होता. मी नाही विचारला. तिला अजून काही सांगायचं होतं. मी पटकन कडेवर घेतलं आणि तिचं डोकं खांद्यावर दाबलं.

सासू कडाडली, “सोताच्या पोटी नाही, मनून दुसऱ्याच्या लेकरावर हात उचलते का वो?” सुषमाच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सासू हेच बोलणार, हे मला माहीत नव्हतं? होतं. सुषमानं कागद पाहिला, मग माझा हात. माझ्या अंगठ्याला काळा खडू लागला होता. तरी ती गप्प राहिली. काऊन गप्प राहिली असेल — मी अजूनही विचार करून राहिली आहे.

महिन्याभरात ते दोघं गोंदियात खोली करून राहायला गेले. परी आठ दिवस दाराशी बसून राहायची. मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत, फार बरं वाटलं.

आता परी बारा वर्षांची आहे. सुषमा लग्नकार्यात भेटते, लांबूनच हसते. परी तिच्याजवळ जात नाही. परवा परीची मैत्रीण घरी आली होती. दोघी मोबाइलमध्ये जुने फोटो पाहून खिदळत होत्या. मैत्रिणीनं विचारलं, ही कोण? परी म्हणे, “माही काकू. लहानपनी मले लय मारे. मले आठवते ना.”

आठवते म्हणे. मी तिथेच भाजी निवडत बसली होती. ऐकलं, आणि निवडत राहिली.

सुषमानं तिला कधी बोट लावलं नाही. लावलं असेल तर गुदगुल्या करायला.