आक्काच्या गालावरची सावली

चित्र काढायला मला कोणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही पडतझडत. गुरुजी फळ्यावर आंबा काढून शेजारी 'आ' लिहायचे, तेवढीच आमची चित्रकला. निजामाच्या राज्यात आमच्या गावाला शाळा होती हेच पुष्कळ.

आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या जवळ. घराची मागची भिंत माय पांढऱ्या मातीनं सारवायची आणि ती वाळली की मी कोळसा घेऊन तिच्यापुढे बसायचे. बाभळीचा कोळसा कडक, त्यानं भिंतीला ओरखडे पडायचे. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काडीचा, मऊ. चुलीतली अर्धवट जळालेली पऱ्हाटीची काडी ओढून राखेत पुरून ठेवली, की सकाळी चांगला कोळसा हाताशी यायचा. माय म्हणायची, "सरपण पळवू नको, भवाने. भाकरी काय उन्हावर भाजू?"

अंगणात पाण्याचा रांजण होता. तो मी कितीदा तरी काढला. बाहेरची रेघ बरोबर यायची, पण रांजण दिसायचा नाही. भाकरीला गळा फुटल्यासारखं काहीतरी दिसायचं. चिडून पुसायचे, परत काढायचे. मग एका सकाळी काम सोडून नुसती त्याच्याकडे बघत बसले. ऊन एका अंगानं पडलं होतं. उन्हाकडची बाजू जवळजवळ पांढरी, आणि तिथून हळूहळू काळी होत जाणारी. पण सगळ्यात काळा भाग अगदी कडेला नव्हता, कडेच्या जरा अलीकडे होता. कडेला परत थोडा उजेड होता. शेजारची पांढरी भिंत आपल्यावरचं ऊन रांजणावर टाकत होती. इतकी वर्षं त्यातलं पाणी पीत होते आणि हे कधी दिसलं नव्हतं.

कोळसा घासला आणि बोटानं पसरवला, तर बोटांचे ठसे उमटले. म्हणून सरकी काढलेल्या कापसाचा बोळा घेतला. जिथं काळं जास्त झालं तिथं शिळ्या भाकरीचा मऊ तुकडा दाबला, कोळसा उचलून आला. संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या रांजणाला पोट आलं. मायनं येऊन त्याला हात लावून बघितला. "सपाटच हाय की," म्हणाली आणि हात पदराला पुसून गेली. मला फार आनंद झाला. आता घरात चांगला कागद पडून असतो, खोडरबर असतो. तसा रांजण पुन्हा जमला नाही.

रांजणानंतर माणसं. आबा, म्हणजे माझे वडील, कापूस घालायला जालन्याला गेले की येताना माझ्यासाठी शिसपेन आणायचे. वाण्याकडचा बदामी कागद मी दगडाखाली दाबून सरळ करायचे. माणसांत सापडणारी एकच, माझी मोठी बहीण आक्का. ती दारात बसून ज्वारी निवडायची, म्हणून बिचारी जागची हलायची नाही. दाराकडचा गाल उजेडात, आतला अंधारात. घरात आरसा होता तो कुंकवापुरता, तळहाताएवढा. आपलं सगळं तोंड आक्कानं पहिल्यांदा माझ्या कागदावर बघितलं.

"माझं नाक असं हाय व्हय?"

"असंच हाय."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि सूप परत हातात घेतलं.

त्याच साली आत्यानं आक्काला स्थळ आणलं. आत्या आबांची बहीण, जाफराबादला दिलेली. मुलगा तिच्याच गल्लीतला. मुलाचा बाप आणि चुलता येऊन आक्काला बघून गेले, पसंत पडली. पण मुलाची आई पडून कंबर धरून बसलेली. तिला गाडीत बसवत नव्हतं. तिनं निरोप दिला, मी बघितल्याबिगर सुपारी फुटणार न्हाई. आणि आमच्याकडं लग्नाआधी मुलगी सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाही. सगळं अडून बसलं. तेव्हा आत्या म्हणाली, "ही धाकटी बराबर काढती की! आक्काचं तोंड कागदावर न्हेते मी."

ज्वारी निवडतानाचं ते चित्र माझं सगळ्यात चांगलं होतं. मी तेच दिलं.

आत्या परत आली ती तणतणतच. पायावर पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वांग हाय म्हणती पोरीला. गालभर काळा डाग! गोरी बाजू पाव्हण्यांपुढं केली आन् काळी लपवली म्हणती."

"कसलं वांग?" आबा म्हणाले.

"मला काय इचारता? हिला इचारा."

"ती सावली हाय," मी म्हणाले.

"सावली जमिनीवर पडती, बाई. तोंडावर कशी पडल?" आत्या म्हणाली. मला ते करून दाखवता येत होतं, सांगता येत नव्हतं.

स्थळ मोडलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पोरीला वांग आहे, हे एकदा गल्लीतून निघालं की पाहुण्यापाहुण्यांत फिरतं. परत कोणी आक्काला बघायलाच आलं नसतं. त्या काळच्या मानानं तिचं वय आधीच वाढलं होतं. चुलीपुढं बसल्या बसल्या आक्काचा हात गालाकडं जायचा, असला डाग नाही हे पक्कं ठाऊक असून. आबांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आत्याच शेवटी म्हणाली, "हिलाच न्या तिकडं. हिनं केलं, हीच निस्तरल. हिला कोण अडवतंय, फ्रॉकातली पोर."

आबा आणि मी आत्याच्या गाडीत बसून गेलो. वाटेत आबा बैलांशी जेवढं बोलले तेवढंही माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचं धाब्याचं घर, आत अंधार. दाराला लागून बाजेवर मुलाची आई बसलेली. अंगणात एक तरणा माणूस कडबा तोडत होता. आम्हाला बघून त्यानं जी पाठ फिरवली ती पुन्हा वळवली नाही. आत्या माझ्या कानाला लागली, "हाच तो."

बाईनं मला जवळ बोलावलं. "तूच का ती चित्रवाली? बहिणीला वांग हाय का?"

"न्हाई."

"मंग काढलं कशाला?"

"तिथं उजेड नव्हता."

"उजेड नव्हता म्हणून काळं करतेत व्हय?"

मी कागद काढला, फळीवर धरला आणि तिचंच तोंड काढायला लागले. दाराकडचा गाल कोरा सोडला, आतला भरत गेले. तिनं वाकून बघितलं आणि भडकली. "माझ्या बी गालाला लावलं! माझ्या तोंडाला काय झालं गं?" आबांनी खाली मान घातली.

पण बाई हुशार होती. तिनं माझी हनुवटी धरली आणि तोंड दाराकडं वळवलं. मग भिंतीकडं. मग परत दाराकडं. बराच वेळ मला अशी फिरवत होती, माझी मान दुखायला लागली.

"हे काळं तर फिरून राह्यलं," ती हळूच म्हणाली.

मग नवऱ्याला हाक मारली, "अवं, इकडं या. उंबऱ्यात उभं ऱ्हा. तिकडं बघा. आता इकडं." नवऱ्याला असं फिरवायची त्या घरात रीत नसावी, पण तो माणूस गपचूप फिरला. आत्या पदर तोंडात कोंबून हसत होती.

"पाव्हणं, सुपारी आणली का?" बाईनं विचारलं.

आबांनी कुठली आणलेली! ते नकार ऐकायच्या तयारीनं आले होते. आत्या धावत जाऊन आपल्या घरातली घेऊन आली.

निघताना बाई मला म्हणाली, "माझ्या गळ्याच्या सुरकुत्या तेवढ्या पुसून टाक. मी इतकी म्हातारी न्हाई."

मी पुसल्या नाहीत. होत्याच त्या.

घरी आलो तशी आक्का मला मागच्या भिंतीकडं घेऊन गेली. सुपारी फुटल्याचं आबांनी मायला सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, सासूचं तिनं काही विचारलं नाही.

"तो दिसला का?"

"दिसला."

"काढ."

"पाठच दिसली."

"पाठ तर पाठ. काढ की गं."

मी कोळसा घेतला. वाकलेला माणूस, डोक्याला पटका, एका खांद्यावर ऊन. पाठीच्या मधल्या खळगीतला अंधार कापसानं खाली कमरेपर्यंत उतरवत नेला. आक्का गुडघ्यांना मिठी मारून बघत बसली होती. मायनं आतून दोनदा हाक मारली, ती उठली नाही.

"खांदे बरे हायेत," ती म्हणाली.