हनुवटी छातीला!

माझ्या मरणावर पहिला हंबरडा पाचोऱ्याच्या निर्मलामावशीने फोडला, तेव्हा मी जिवंत होतो. फारसा नव्हतो, पण होतो.

त्याआधी अमळनेरच्या आमच्या घरात खरंखुरं मरण होऊन गेलं होतं. आई गेली. तिच्यामागे माझ्या वडिलांनी, आबांनी, बोलणंच सोडलं. आतल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसायचे. रडले नाहीत, धड जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं करा. नाहीतर कठीण आहे." मी सगळं करून पाहिलं. (गाऊनही दाखवलं! त्यांनी खुर्ची आणखी खिडकीकडे सरकवली.)

माझी बायको सुनंदा आमच्या पुढच्या खोलीत लहान पोरांना जिम्नॅस्टिक शिकवते. कोलांटी, बेडूकउड्या, एका पायावर तोल. आई गादीच्या कडेला बसायची, प्रत्येक पोराच्या मानेखाली तळहात धरायची आणि म्हणायची, "हनुवटी छातीला!" आतून आबा रोज गरजायचे, "बंद करा हा गोंधळ!"

आई गेली आणि वर्ग बंद पडला. सुनंदा दोन दिवस धुळ्याला माहेरी गेली, तेव्हा मला सुचलं. गोंधळ घातला तर आबा निदान ओरडतील!

गल्लीतली पोरं गोळा केली. गाद्यांच्या खोळी सापडेनात, म्हणून दारावर, म्हणजे सांत्वनाला, येणाऱ्यांसाठी काढलेल्या पांढऱ्या चादरी अंथरल्या.

"आता बगळा! एका पायावर!"

पोरं उभी राहिली. मीही राहिलो, कपाटाच्या आधाराने.

"काका, बगळा कपाट धरत नाही," शेजारच्या शेठजींची नात भाविका म्हणाली.

आतून आवाज नाही. बेडूकउड्यांत आमचं स्टूल, फुलदाणी आणि एक पोरगा एकदमच आडवे झाले. पोराने भोकाड पसरलं. तरी आबा ढिम्म!

"आता कोलांटी! माझ्याकडे बघा!"

"काका, आधी हनुवटी..."

"मला शिकवू नकोस!" म्हणत मी अंग झोकून दिलं. मान एकीकडे गेली, कंबर दुसरीकडे, आणि मधे कुठेतरी 'कट्' झालं. मी उताणा. हलता येईना, तोंडातून शब्द फुटेना. पोरांना वाटलं, हाच पुढचा प्रकार! सगळी माझ्या शेजारी ओळीने, हातपाय ताठ करून, डोळे मिटून निजली. भाविकाने निजण्याआधी एक चादर माझ्या गळ्यापर्यंत ओढली. (शिस्तीची पोर!)

नेमकी तेव्हाच दाराशी गाडी थांबली. निर्मलामावशी आईची धाकटी बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं दारावर येणं राहून गेलं होतं. आमच्याकडे दारावर येणाऱ्या बाया फाटकापासूनच गळा काढतात. "अक्का वंऽऽ!" करत मावशी उंबऱ्यापर्यंत आली, तिला मी दिसलो, आणि सूर एकदम चढला.

"अरे देवा! हाऊ पोऱ्या बी गया का!"

"आनि या बठ्ठा पोरे?" ओळीने निजलेल्या सगळ्या पोरांकडे बघत तिच्यामागून तिची जाऊ किंचाळली.

"मावशी..." मी कसाबसा कण्हलो, "मी जित्ता शे!"

मावशीने दाराची चौकट धरली. भाविकाने एक डोळा उघडला. "शू! बोलला तो आउट!"

आत खुर्ची सरकली.

आबा दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गादीच्या रिकाम्या कडेकडे.

"गाढवा," ते म्हणाले. आवाजाला गंज चढला होता. "हनुवटी छातीला लावली नाहीस. ती रोज सांगायची. मला आत ऐकू यायचं."

मग ते आईच्या जागी, गादीच्या कडेला बसले आणि रडायला लागले. मावशी लंगडत त्यांच्याशेजारी येऊन बसली. या वेळी तिने गळा काढला नाही. नुसतीच रडली.

बऱ्याच वेळाने भाविका पुढे सरकली. "आबा, मी लावू हनुवटी?"

आबांनी डोळे पुसले आणि तिच्या मानेखाली तळहात धरला.

इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून फुटलेला पहिला शब्द होता 'गाढवा', आणि तो खास माझ्यासाठी! मला इतकं भरून आलं, की उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण उठायचं तर मला चौघांनी उचलावं लागलं असतं. आणि मावशीच्या देखत ते बरं दिसलं नसतं!