माझा रिले आणि बहिणीचा फॉर्म

लिहावं असं माझ्याकडे काही आहे का, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहितानाही आगाऊपणा करतोय असं वाटतं. सांभाळून घ्यावं.

सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटावर एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असायचा. इंटरनेटवर ओळख उघड न करता वावरता यावं म्हणून जगभरातले स्वयंसेवक एक जाळं चालवतात. एकाकडून आलेलं पुढच्याकडे पोचवायचं, कोणाचं ते विचारायचं नाही. त्यातला एक टप्पा, म्हणजे रिले, माझा; तो या लॅपटॉपवर चालायचा. तो जितके दिवस न थांबता चालेल तितका भरवशाचा मानला जातो. त्या दिवसांचा आकडा मी रोज चहाआधी बघायचो.

धाकटी बहीण नर्सिंगचा फॉर्म भरत होती. साइट उघडेना.

"दादा, बघ की. परवानगी नाही म्हणतंय."

"सर्व्हर डाऊन असेल. उद्या बघू."

"काल पण उद्याच म्हणालास. तुझ्या त्या डबड्यामुळं तर नाही ना?"

"त्याचा काय संबंध?"

संबंध होता. रिले चालणाऱ्या घरांचं कनेक्शन काही साइट अडवतात, हे मी वाचलेलं होतं. माझ्या मोबाइलचं नेट तिला दिलं असतं तर भागलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि वडिलांनी त्याच दिवशी लॅपटॉप बंद करायला लावला असता. कुठल्यातरी अडचणीतल्या अनोळखी माणसाला आपला उपयोग होतोय, हे मला सोडवेना.

शेवटच्या दिवशी ती नेट कॅफेत रांगेला उभी राहिली. नंबर येईपर्यंत मुदत संपली. मग ती गणवेशांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला जाऊ लागली.

दिवाळीनंतर मी तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तेव्हा सांगायचंस की." मी रिले बंद केला. तिनं तिकडं बघितलंही नाही.

यंदाचे फॉर्म कधी निघाले, तिनं भरला का, विचारायची हिंमत झाली नाही. परवा कॉलेजातून आलो, तर शेजारच्या मावशी दारातच म्हणाल्या, "बहिणीचं नाव लागलं की रं यादीत! पुण्याला जाणार म्हणं. गल्लीत पेढे वाटून झाले, आन तुला म्हाईतच न्हाय व्हय?"