मोकळी मनगटं

"तुम्हाला ल्युकेमिया आहे, म्हणजे रक्ताचा कॅन्सर," डॉक्टर आमच्या यांना म्हणाले, तेव्हा हे मोबाईलवर ऑफिसचा निरोप वाचत होते. मी ओरडले, "ठेवा हो तो फोन!" दुसरं काही सुचलंच नाही.

आम्ही मूळचे निपाणीचे, वीस वर्षं कानडी मुलखाच्या राजधानीत, राजाजीनगरात. केमो सुरू झाली आणि दहाव्या दिवशी नवा शब्द कानावर पडला, न्यूट्रोपेनिया. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. डॉक्टर म्हणाले, "आता साधं इन्फेक्शनही जिवावर बेतेल. आणि ते येतं हातांवरून. तुमच्या, आमच्याही."

झालं! मी खोलीच्या दाराशी ठाण मांडलं. बोटांच्या बेचक्या, अंगठा, मनगट, सगळं साबणानं धुतल्याशिवाय सख्ख्या भावालाही आत सोडलं नाही.

मग सिस्टरनं माझ्याच हातांकडे बोट दाखवलं. "अक्का, बांगड्यांखाली साबण पोचत नाही. काढा."

नवरा असा पडलेला आणि हात मोकळे करायचे? सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, ताडकन उठल्या. "काय बोलतीस बाई! माझा लेक जिता हाय अजून!"

मीही बांगड्यांवर रुमाल गुंडाळून वेळ मारून नेली. मूर्खपणा होता, स्पष्टच सांगते. संध्याकाळी यांना ताप भरला. माझ्या हातानं आला की आणखी कशानं, कुणीच सांगू शकत नव्हतं. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, त्यासाठी रक्त पाठवलं. मी बाहेरच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

सकाळी सिंकपाशी गेले आणि एकेक बांगडी उतरवली. शेजारच्या नळावर आत्याबाई येऊन उभ्या. मामंजी निपाणीत ठणठणीत, तरी त्यांनीही साबण लावून स्वतःच्या उतरवल्या.

"बांगड्या उद्या भरता येतील," एवढंच बोलल्या.

राउंडला मोठे डॉक्टर घाईत आले आणि थेट नाडी बघायला वाकले. सगळ्यांना दरडावणारी मी, वाट सोडून बाजूला सरकले. आत्याबाई सरकल्या नाहीत.

"डॉक्टर, हात धुतलासा न्हवं?"

डॉक्टर थांबले. "सॉरी अम्मा," म्हणून सिंककडे वळले, मागोमाग चारही ज्युनियर रांगेत. परत येऊन म्हणाले, "रोज विचारा. प्रत्येकाला विचारा." सत्तरीतल्या माझ्या सासूचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पुढच्या आठवड्यात जंतूंशी लढणाऱ्या पेशी वाढल्या. तुमच्यावर अशी पाळी आली तर संकोच बाजूला ठेवा, विचारा. कुणी रागावलं तर रागावू दे.

डिस्चार्जच्या दिवशी एक बंगाली बाई सिंकपाशी रडवेली उभी होती. हातात त्यांच्याकडच्या सवाष्णींचं पांढरं शंखाचं कडं आणि लाल बांगडी. तिला मराठी येत नव्हतं, आत्याबाईंना बंगाली. आत्याबाईंनी आपली मोकळी मनगटं तिच्यापुढे धरली. मग कॉरिडॉरमध्ये स्वतःच्या पायांनी चालत येणाऱ्या आपल्या लेकाकडे बोट दाखवलं.