भिंतीपलीकडचं सुतक

सत्त्याऐंशी साली कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या शेजारी एक अमेरिकन कादंबरीकार राहायचा. भिंतीपलीकडे त्याचा टाइपरायटर दिवसभर खडखडायचा. एकदा तो अचानक थांबला आणि स्वारी डोळे पुसत आमच्या दारात. "ही इज गॉन!" कादंबरीतला नायिकेचा काका वारला होता.

मी हसले, पण सासूबाई उठल्याच. "पुस्तकातलं का होईना, माणूस गेलंय ना? त्या घरी आज चूल पेटायची नाही." त्यांनी पिठलं-भात पाठवला. त्यानं ताट बोटांनी निपटून खाल्लं.

त्यानंतर त्याची पात्रं पटापट मरू लागली.

एके सकाळी तो कुंपणावरून आनंदानं ओरडला, "नव्या कादंबरीत प्लेग आहे!"

मी सांगताच सासूबाईंनी बेसनाचा डबा हलवून पाहिला. "त्याला म्हणावं, निम्मी माणसं तरी वाचव."