डोळे मिटून खाडीकडे

म्हात्रे बाई गेल्याचं कळलं, मी तसाच नेरूळला त्यांच्या लेकीला भेटायला निघालो आणि एका बारशाला जाऊन बसलो. सोसायटी तीच, विंग चुकली. दाराबाहेर चपलांचा ढीग होता, त्यामुळे शंकाच आली नाही. समोर खुर्चीत एक आजी होत्या. त्यांच्यापुढे मान खाली घालून मी गंभीरपणे म्हणालो, "फार वाईट झालं."

"का हो?" आजी कडाडल्या. "मुलगी झाली म्हणून?"

हातात पेढा घेऊन जिना उतरताना रडू आलं, ते मात्र बाईंसाठीच. कारण ज्या माणसाने मला तीन वर्षं भूगोल शिकवला, त्याच्या घरी मी दुसऱ्यांदा जाताना हरवलो होतो… बाई असत्या तर बाकावर उभं केलं असतं.

कोपरखैरण्याच्या आमच्या शाळेत भूगोलाचा तास मधल्या सुट्टीनंतर असायचा. पोटात डबा, डोक्यावर करकरणारा पंखा. बाई यायच्या, खडू ठेवायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा. खाडी कुठे?" की सगळ्या वर्गाचे हात एका दिशेला. पश्चिमेला. मग हात तसेच ठेवायचे आणि बाई सांगत राहायच्या. आता भरती लागली असेल, तिवरांच्या मुळांत पाणी शिरत असेल, बगळे एकेक पाऊल मागे सरकत असतील… बाई तिथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांच्या वडिलांची भातशेती आमच्या सेक्टरांखाली कुठेतरी होती. ते त्या कधी दुःखाने सांगायच्या नाहीत. "शिंदे, तू बसलायस ना, तिथे आमचा बांध होता," एवढंच. आणि मला खरंच वाटायचं की बाकाखालून पाणी वाहतंय, पाय ओले होतायत. त्या अर्धवट झोपेत मी जितका भूगोल शिकलो, तितका जागेपणी कधी शिकलो नाही.

फक्त माझा हात चुकायचा. सगळ्यांचा खाडीकडे, माझा बरोबर उलटा, डोंगराकडे. बाईंनी माझा बाक बदलला, मला दाराशी बसवलं, एकदा तर गच्चीवर नेऊन गोल फिरवलं. हात डोंगराकडेच. तेव्हा शाळेतली प्रमाण भाषा सुटून बाईंच्या तोंडी घरची बोली यायची, "अरे, पानी कुठं हाय, तू दाखवतोस कुठं?" एका चाचणीत त्यांनी प्रश्न घातला होता : 'दुपारच्या तासाला झोप येते. भौगोलिक कारणे लिहा.' मी लिहिलं, 'बाईंचा आवाज.' अर्धा मार्क मिळाला. भूगोलात मी स्वतःच्या अकलेने मिळवलेला तो एकमेव अर्धा मार्क.

असा मी पुढे वाशीत फ्लॅट दाखवण्याच्या धंद्यात पडलो. 'क्रीक व्ह्यू' विकतो. गिऱ्हाईक ज्या खिडकीपाशी जाऊन "वा!" म्हणतं, ती पश्चिम समजायची, ही माझी पद्धत.

बाई आजारी पडून लेकीकडे, संगीताताईकडे राहायला आल्या तेव्हा भेटायला गेलो होतो. उंचावरचा फ्लॅट, आतली खोली, खिडकीसमोर दुसऱ्या विंगची भिंत. बाई कापसासारख्या हलक्या झाल्या होत्या. मला ओळखलं, हसल्या, मग एकदम कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, "इथं काही कळत नाही रे. वारा मशीनचा, ऊन येत नाही. संगीताला विचारावं तर ती म्हणते, आई, तू आराम कर… खाडी कुठे, शिंदे?"

सगळा जन्म जिने दुसऱ्यांना दिशा दाखवली, ती बाई माझ्याकडे आशेने बघत होती. मोबाइल खिशात होता, पण बाईंसमोर कॉपी करायची हिंमत झाली नाही. मी डोळे मिटले. रस्ता, गेट, लिफ्ट, पॅसेजची वळणं… सगळं मनात फिरवलं आणि ठामपणे कपाटाच्या भिंतीकडे हात केला.

"नक्की?"

"नक्की बाई. मी खाडी विकतो."

बाई इतक्या समाधानाने हसल्या, की मला दहावी पुन्हा पास झाल्यासारखं वाटलं. त्यांनी संगीताताईला उशी फिरवून कपाटाच्या बाजूला ठेवायला लावली. म्हटलं, असेल, खाडीला डोकं टेकून झोपायचं असेल. मी लिफ्टमध्ये शीळ घालत उतरलो.

बारशातून सुटून बाईंच्या घरी पोचलो, तर उशी अजून तिथेच होती, कपाटाला लागून. मधोमध डोक्याचा खळगा. ताई पाणी द्यायला आली. मी उशीकडे बघत म्हणालो, "ताई, शेवटी एकदा तरी बाईंना मी खाडी बरोबर दाखवली."

ताईने पेला हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "अरे, कपाटामागे डोंगर हाय!"

"मग बाईंनी उशी का फिरवून घेतली?"

"तोंड खाडीकडं व्हावं म्हणून. तू लिफ्टपर्यंतसुद्धा गेला नसशील, तेव्हाच आई म्हणाली, 'आता कळलं. शिंद्याचा हात जिथं जाईल, त्याच्या पाठीमागं पानी. वर्गात एवढा भरवशाचा गाढव दुसरा नव्हता.'"