महाराज आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींना समोरच्याचं पूर्ण ऐकायची सवयच नव्हती. वाक्य अर्धं झालं की यांचा उजवा हात आशीर्वादाला वर, "होऊन जाईन." पोराची नोकरी, पोरीचं लग्न, धानावरची तुडतुड्याची कीड, सगळ्यांना तेच. एकदा मी वैतागून विचारलं, "काय होऊन जाईन, भाऊजी?" तर म्हणाले, "तुह्या मनात आहे ते. मले काऊन विचारून राहिला?"

पंपदुरुस्तीचं दुकान बंद करून त्यांनी फुलचूरला आश्रम काढला, तेव्हा हे खूळ लवकरच उतरेल असं मला वाटलं होतं. माणूस लबाड नव्हता, हीच पंचाईत. लबाड असता तर तोंडावर बोलता आलं असतं. आजाऱ्याच्या उशाशी तासन्‌तास बसायचे आणि उठताना भलतंच काहीतरी सांगून यायचे.

राइस मिलमधल्या हिरालालला असंच सांगितलं, "शुगरच्या गोळ्या सोड, नाम घे." त्यानं सोडल्या. पायाची जखम चिघळली, पाऊल कापावं लागलं. पेपरात आलं, चौकात निषेध झाला. मला वाटलं, आता तरी थांबतील. तर भक्तांनी उलटा मोर्चा काढला, आणि ती गर्दी पाहून एका पक्षानं त्यांना नगरपरिषदेचं तिकीटच देऊन टाकलं!

प्रचारसभेत माझ्या ताईलाही मंचावर बसवलं होतं. तिनं माइक ओढून घेतला. "मलेबी शुगर आहे जी. माह्या गोळ्या महाराजच मेडिकलातून आणून देतात. मंग हिरालालले काऊन सोडाले लावल्या?"

मग मागून कोणीतरी ओरडलं, "देखो, महाराज घरवाली की कितनी सेवा करते हैं!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजी दणक्यात निवडून आले, आणि ताई पिशवी घेऊन माझ्याकडे राहायला आली.

नगरपरिषदेत एका समितीचे सभापती झाल्यावर ते तिला न्यायला आले. सोबत कोणी नव्हतं. चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "भाऊजी, एकदा चुकलं म्हणा ना."

"म्हणतो. पण माह्या भरवशावर इतके लोक जगून राहिले, त्यायनं मंग कोणाकडे जावं?"

ते मनापासून बोलत होते.

ताई आतून आली. "पयले हिरालालच्या घरी जाऊन या. त्याच्यासमोर म्हना. मंग मी येतो."

ते उठून गाडीत बसले. हिरालालची गल्ली आमच्या कोपऱ्यावरून डावीकडे आहे. मी फाटकात उभा राहून पाहत होतो. गाडी कोपऱ्यावर जरा थांबली, मग सरळ निघून गेली.

ताई अजून माझ्याकडेच आहे.